लाल खोळ

“हात दाखव.”

लोंढे सिस्टर माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते एवढंच. एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात चादरींचं गाठोडं घेऊन मी पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डाच्या दारात उभी होते. बाईंनी ना नाव विचारलं ना गाव. मी गाठोडं खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढं केले, शाळेत छडी खायला करतात तसे.

“बेसिन तिकडं. साबण आहे. नखांतनं पण घास, मग तुझ्या माणसाला भेट.”

“माझं माणूस न्हाई ते. सासरं हायत माझं.”

“मग तर जास्तच घास.”

बाई खवट आहे, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. सांगलीच्या त्या दवाखान्यात पुढं मी पुष्कळ दिवस काढले. बाई खवट होती हे माझं मत बदललं नाही. बाकी सगळं बदललं.

माझे सासरे म्हणजे ऐवळे मास्तर. तासगावच्या पुढं त्यांच्या बँडशिवाय लग्न लागलं तर लोक म्हणायचे, घाईत उरकलं. अंगात लाल कोट, खांद्यावर जरीची झालर, मिशीला कलप आणि ओठाला क्लॅरिनेट. वरातीत ते बँडच्या पुढं उलटे चालायचे, म्हणजे तोंड वाजवणाऱ्यांकडं आणि पाठ रस्त्याला. ऐटच तशी होती. त्या ऐटीनंच घात केला. पलूसच्या एका वरातीत नवरदेवाची घोडी बाजूनं पुढं गेली आणि मास्तर पाठमोरे गटारात गेले. खुबा मोडला. डॉक्टर मगदुमांनी मोडका गोळा काढून धातूचा नवा बसवला.

लग्नसराईचे दिवस. सुपाऱ्या घेतलेल्या, त्या मोडता येत नव्हत्या. मास्तरांच्या जागी आमचे हे पुढं वाजवायला लागले. ते वराती आटोपून रात्री दवाखान्यात झोपायला यायचे आणि दिवसभर मी. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुसरं होतं कोण?

आता मामांचं आणि माझं बोलणं कसं होतं ते सांगायला हवं. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. पण त्यांनी माझ्याकडं तोंड करून मला कधी काही सांगितलेलं मला आठवत नाही. घरात शिरायच्या आधी खाकरायचे. भूक लागली की भिंतीकडं बघून म्हणायचे, “भाकरी झाली असंल तर बरं.” बँडचे सगळे कोट मी शिवायची. त्यांना कोट पसंत पडला तर माझ्या देखत वाजवणाऱ्या पोरांना सांगायचे, “शिलाई बघा रं, शिलाई!” मीही डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. आमच्या दोघांत राग नव्हता, लाज होती. त्या पिढीत ती सासऱ्या-सुनेची रीतच होती.

असा माणूस खाटेवर पडला, आणि ऑपरेशनच्या वेळी लघवीला घातलेली नळी तशीच होती. नळीच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी, ती खाटेच्या बाजूला खाली आकड्याला अडकवलेली.

त्या पिशवीवर लोंढे सिस्टरांचं जेवढं लक्ष होतं तेवढं मी कुणाचं तान्ह्या बाळावरही बघितलं नाही. पिशवी कमरेच्या खालीच हवी, पण फरशीला टेकता कामा नये. नळीला पीळ नको. पिशवी रिकामी करताना तिची तोटी भांड्याला लागता कामा नये, आणि ज्याचं भांडं त्याचंच. हाताखालच्या पोरींपैकी कुणी चुकलं तर ओरडायच्या नाहीत. नुसतं म्हणायच्या, “परत कर. मी बघते.” ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. डॉक्टर मगदूम राउंडला आले की दारातच हसून दोन्ही तळवे बाईंना दाखवायचे आणि मग आत यायचे.

आणि रोज त्याच राउंडला बाईंचा तोच प्रश्न.

“ऐवळे मास्तर. नळी. अजून हवीय?”

पहिल्यांदा डॉक्टर काढूया म्हणाले तर मामांनी हात जोडले. “राहू द्या सायब. लई दुखतंय. कुनाला तरास बी न्हाई हिचा.”

दुखत होतं हे खरंच होतं. डॉक्टर म्हणाले, “बरं, उद्या बघू.”

“उद्या परत विचारणार मी,” सिस्टर म्हणाल्या. आणि विचारलंच. मामांनी परत हात जोडले.

मी मध्ये पडले. “राहू दे की सिस्टर. सारखं उठबस करायला लागत न्हाई, बरंच हाय की.”

“बरं कुणाला? नळी म्हणजे घराचं दार सताड उघडं टाकून झोपणं. रोगजंतू काय पाहुण्यासारखे विचारून येतात होय आत?”

मी मनात म्हटलं, बाईला काहीतरी खुसपट लागतंच.

मग एका दुपारी मामांना थंडी भरली. साधी नाही, खाट वाजायला लागली. दोन चादरी घातल्या, माझं गाठोडं सोडून त्यातलं सगळं घातलं. ताप चढला तसे ते बरळायला लागले. “ढोल कुठाय? आरं, ढोल मागं ऱ्हायला!” पिशवीतली लघवी गढूळ झाली होती. डॉक्टर धावत आले. जुनी नळी काढून नवी घातली, लघवी तपासायला पाठवली, सलाइनमधून औषध सुरू केलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “लघवीत जंतू झालेत. औषधानं आटोक्यात येईल असं वाटतंय. पण रक्तात पसरून नव्या गोळ्यापर्यंत गेले तर तो गोळा काढायची पाळी येईल.”

“मग चालनं?”

“चालणं म्हणजे...” एवढंच म्हणून डॉक्टर खाटेकडं वळले.

मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकले. मास्तरांचं चालणं थांबलं म्हणजे काय थांबलं, ते मला कळत होतं. बसून क्लॅरिनेट कुणीही वाजवेल. ऐवळे मास्तर बसून वाजवायचे नाहीत. खाटेवर पडून राहायची वेळ आली तर हा माणूस जगायचाच नाही, असं माझ्या मनानं घेतलं.

सिस्टर मात्र खाटेजवळ उभ्याच होत्या. मामांना औषध लागू पडलं, ताप उतरायला लागला, तरी बाईंच्या कपाळावरची आठी जाईना. पोरींना एकेकीला बोलावून विचारलं. स्वतः काय काय केलं तेही मोठ्यानं बोलून तपासलं. “माझ्या वॉर्डात शिरला कुठनं?” असं पुटपुटत होत्या. घरात चोरी झाली की माणूस कड्याकुलपं परत परत बघतो, तसं चाललेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची सुट्टी होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुपारी भेटायची वेळ झाली, वॉर्डात ही गर्दी. शेजारच्या खाटेवर साखर कारखान्यातले एक चौगुले होते, पायाला वजन टांगलेले. त्यांना भेटायला पोपटी साडी नेसलेली, गजरा माळलेली एक बाई केळी घेऊन आली आणि स्टुलावर बसली. मी बाहेर नळावर डबा धुवून आले, मामांच्या पायाशी बसले, आणि मग ती बाई म्हणाली, “चौगुले, केळं सोलून देऊ का?” आवाज ऐकून मी चपापले.

“सिस्टर? तुमी?”

“का? मी माणसांना भेटायला येऊ नये?”

“सुट्टी हाय न्हवं तुमची?”

“म्हणून तर साडी नेसलेय.”

चौगुले बिचारे अंग चोरून केळं खात होते. बाई त्यांना उसाचा दर विचारत होत्या आणि बघत होत्या आमच्याकडं. मी जरा वेळानं मामांचे कपडे वाळत घालायला गेले, परत आले, तरी त्या तिथंच. नंतर कधी उठून गेल्या कळलं नाही. मला आपलं वाटलं, घरी कुणी नसेल, करमत नसेल बाईला.

सकाळी मला व्हरांड्यात बोलावणं आलं. बाई पुन्हा पांढऱ्या कपड्यांत, पुन्हा तोच चेहरा.

“तू शिवतेस ना गं?”

“व्हय. ब्लाउज, परकर, बँडचे कोट.”

“मला एक खोळ शिवून दे. लघवीच्या पिशवीला.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. “पिशवीला खोळ?”

“हो. वर दोन बंद, आकड्याला बांधायला. खाली उघडी ठेव, तोटी बाहेर राहिली पाहिजे. पुढं झडप कर. आत किती जमलंय, कसल्या रंगाचं आहे, ते मला उचलून बघता आलं पाहिजे. धुतलं की लगेच वाळेल असं कापड घे. उद्या हवीय.”

“सिस्टर, माझा सासरा तापानं फणफणून उठलाय आणि तुमी पिशवीला झबलं शिवाय सांगताय?”

“झबलं म्हण हवं तर. उद्या आण.”

घरी जाईपर्यंत मी वाटेत एकटीच बडबडत होते. कपाटात बघते तर धुवून लगेच वाळणारं कापड एकच, बँडच्या कोटांचं उरलेलं लाल टेरिकॉट. बसले मशीनवर. खोळ झाली तेव्हा माझा राग काही उतरला नव्हता. म्हणून खालच्या कडेला जरीची फीत पण मारली. म्हटलं, हौस आहे ना बाईला, घे मग!

बाईंनी खोळ उलटसुलट करून बघितली. फितीवरून बोट फिरवलं. हसल्या नाहीत. पण खाटेशी वाकून ती आकड्याला बांधताना मामांना म्हणाल्या, “मास्तर, जरा खाली बघा बरं.”

मामांनी मान वळवून खाटेच्या कडेवरून खाली बघितलं. बघतच राहिले. मग मिशीतून हसू फुटलं. ताप आल्यापासूनचं पहिलं.

“आयला! ही तर आपली वर्दी!”

त्या दिवसापासून ती लाल खोळ खाटेखाली डुलायला लागली. भेटायला येणारे विचारायचे, “मास्तर, हे काय वो?” मामा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “नवा गडी हाय. अजून वाजवाय शिकवला न्हाई.” आत काय आहे हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. मामा दोन्ही हात छातीवर ठेवून निवांत पडायचे. ताप पुन्हा आला नाही.

आणि मग राउंडला तोच प्रश्न. “ऐवळे मास्तर. नळी. अजून हवीय?”

“आज काढायचीच,” डॉक्टर म्हणाले.

मामांचा चेहरा पडला. हात जोडायला उचलले तसं सिस्टरांनी मला चहा आणायला पिटाळलं. मी नको म्हणत होते तरी पिटाळलं. चहा घेऊन आले तेव्हा नळी काढून झाली होती. मामा भिंतीकडं बघत होते आणि बाई त्यांना पाणी पाजत होत्या. मला म्हणाल्या, “तू आज वॉर्डात बसायचं नाही. व्हरांड्यात बस. मी हाक मारल्याशिवाय आत यायचं नाही.”

“का?”

“मी सांगते म्हणून.”

डॉक्टर जाता जाता मला समजावून गेले. आता लघवी आपली आपण व्हायला हवी. या वयात कधी कधी अडते. संध्याकाळपर्यंत नाही झाली, पोट फुगलं, तर नळी पुन्हा घालावी लागेल. पुन्हा नळी म्हणजे पुन्हा तीच भीती. नवा गोळा, ताप आणि डॉक्टरांचं ते न संपवलेलं वाक्य.

दुपार सरली. मी व्हरांड्याच्या खांबाआडून डोकावत होते. मामांनी पाणी पीत पीत तांब्या संपवला. बाई मधून मधून पोटावर हात ठेवून बघायच्या. वॉर्डबॉयला बोलावून लघवीची बाटली दिली, पडदा ओढला. काही नाही. मामांच्या कपाळावर घाम आलेला मला लांबून दिसत होता. उन्हं कलली तशी मी खांबाआडून आणखी पुढं सरकले.

मग सिस्टर म्हणाल्या, “बास. मास्तर, पडून जमायचं नाही तुमचं. उठा.”

वॉकर आणला. एका बाजूला वॉर्डबॉय, दुसऱ्या बाजूला बाई. ऑपरेशननंतर मामा एकदोनदा खाटेजवळ उभे राहिले होते तेवढंच. आता त्यांना न्हाणीघरापर्यंत, वॉर्डाच्या त्या टोकाला जायचं होतं.

“जमंल का सिस्टर?”

“पुढं बघून चाला म्हणजे जमेल. उलटं चालायची हौस इथं नको.”

खाटाखाटांवरनं माणसं बघायला लागली. वॉकर टकटक करत पुढं सरकत होता. बाईंचा हात मामांच्या पाठीमागं होता, लागलेला नव्हता, पण होता. मामा आत गेले. बाईंनी दार लोटून घेतलं आणि दाराकडं पाठ करून उभ्या राहिल्या. सगळा वॉर्ड चिडीचूप. एवढी शांतता भेटायची वेळ संपल्यावरही नसायची.

आतून मामांचा बारीक आवाज आला. “सिस्टर... समदी ऐकायल्यात.”

बाईंनी शेजारच्या बेसिनचा नळ पुरा सोडला. मग वॉर्डाकडं बघून कमरेवर हात ठेवले. “काय हो, एरवी कान किटतात माझे तुमच्या बडबडीनं. आत्ताच काय झालं? बोला की! चौगुले, उसाचा दर सांगा सगळ्यांना!”

चौगुल्यांनी खाटेवरूनच भाषण ठोकायला सुरुवात केली. पलीकडच्या म्हाताऱ्यानं दराला विरोध केला. कुणीतरी थाळी वाजवली. नळाचं पाणी धो धो पडत होतं, वॉर्डात बाजार भरला होता आणि त्या सगळ्या गोंगाटात बाई एकट्या दाराला कान लावून उभ्या होत्या. मी पदराचं टोक दातात धरलं होतं.

आतून वॉकर फरशीवर आपटल्याचा आवाज आला.

“झालं!” मामा ओरडले. आणि पुन्हा, वरातीत ओरडावं तसं, “झालं वो, सिस्टर!”

वॉर्डात टाळ्या पडल्या. बाईंनी नळ बंद केला. मनगटानं डोळे पुसले. मग हात डोळ्यांना लागला म्हणून नळ पुन्हा सोडला आणि साबण लावून हात धुतले. ते बघून मला रडू पण आलं आणि हसू पण.

त्या व्हरांड्यात आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं. मनात सलत होतं ते. “सिस्टर, मी नखांतनं घासून हात धूत होते. पिशवीला बोट लावलं न्हाई. मग ताप आला कसा?”

बाईंनी मला बाकावर बसवलं. “सांगणार नव्हते. पण घरी नेल्यावर तुला ठाऊक असलेलं बरं. रात्री तुझा नवरा असायचा तेव्हा पिशवी जागच्या जागी. दिवसा आम्ही आलो की जागच्या जागी. पण दारात तू दिसलीस की मास्तर पिशवी आकड्यावरनं काढून वर अंथरुणात घ्यायचे, चादरीखाली मांडीशी. तू पाठ फिरवलीस की परत खाली. मी त्या दिवशी चौगुल्यांच्या खाटेशी बसून बघितलं. पिशवी वर गेली की त्यातलं घाण पाणी नळीतनं उलटं आत. ताप तिथनं आला.”

“माझ्यामुळं?” मी पदर डोळ्यांना लावला.

“रडायचं काय त्यात? सुनेला दिसू नये म्हणून करत होते. तुझा मान राखत होते बिचारे, आणि स्वतःचा. आता या माणसाला मी काय ओरडू? लाज झाकायची सोय आम्हीच केली नव्हती. ती तू शिवून दिलीस.” मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “नळी सोडवत नव्हती तीही त्यापायीच. बाटली सुनेकडं मागावी लागेल म्हणून. मी त्यांना शब्द दिला, तुमची सून आज वॉर्डात पाऊल टाकणार नाही आणि संध्याकाळपर्यंत तुम्ही आपल्या पायांनी जाल.”

औषधं डॉक्टर देतात, ऑपरेशन डॉक्टर करतात. पण सुट्टीच्या दिवशी गजरा माळून, केळी घेऊन, एका म्हाताऱ्याची लाज शोधायला कोण येतं? आणि सापडल्यावर ती चारचौघांत उघडी न करता तिला कपडा घालायचं कुणाला सुचतं? खवट म्हणून मी जिला नावं ठेवली तिच्या मी मनातल्या मनात पाया पडले.

घरी जायच्या दिवशी मामा खरोखरच पाया पडायला वाकत होते, वॉकर धरून. बाई मागं सरकल्या. “लांबनं, मास्तर, लांबनं! आत्ताच हात धुतलेत मी.” आणि मला म्हणाल्या, “सगळ्या खाटांना पुरतील एवढ्या खोळी हव्यात. रंग कुठलाही चालेल.”

“लालच शिवते,” मी म्हटलं.

टेम्पोत मामांना गादीवर निजवलं होतं. सांगली मागं पडली तेव्हा ते भिंतीकडं बघितल्यासारखं बाहेर बघत होते. मग मान वळवून सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, “मालन, पानी दे गं जरा.”

माझं नाव त्यांना ठाऊक होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

लोंढे सिस्टर निवृत्त झाल्या तो दिवस त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला. निरोप डॉक्टर मगदुमांनी धाडला. आमचा सगळा बँड लाल कोटात दवाखान्याच्या दारात जाऊन उभा राहिला. फाटकावर ‘शांतता राखा’ची पाटी. सिस्टर पोपटी साडी नेसून पायऱ्या उतरल्या, मागं त्यांच्या हाताखालच्या पोरी. बँड निघाला तो मुका. ढोलावर हात नाही, ओठाला पितळ नाही. नुसत्या पावलांचा आवाज. सगळ्यांच्या पुढं मामा, क्लॅरिनेट काखेत, केस पांढरे, मिशी मात्र काळी. काठी त्यांनी घरीच ठेवली होती. मी घ्या म्हणून बघितलं, ऐकलं नाही.

कोपऱ्यावर पाटीची हद्द संपली. मामांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि गर्रकन वळले. पाठ रस्त्याला, तोंड सिस्टरांकडं. त्या पडण्यानंतर ते एकदाही उलटे चालले नव्हते. मी धरायला हात पुढं केला. पण मास्तर वाजवत एकेक पाऊल मागं टाकत गेले, नवरीला वाजत न्यावं तसे सिस्टरांना नेत होते. लोक टाळ्या वाजवत होते, खिडक्यांतून बघत होते. मी सिस्टरांकडं बघितलं. त्या गाणं ऐकतच नव्हत्या. त्यांची नजर मामांच्या पावलांवर होती, त्या दिवशी वॉर्डातून जाताना होती तशीच.

गाणं संपलं. मामा पुढं आले आणि वाकायला लागले. सवयीनं बाई एक पाऊल मागं सरल्या.

“मास्तर, हात दाखवा.”

मामांनी क्लॅरिनेट माझ्याकडं दिलं आणि दोन्ही तळवे पुढं केले. बाईंनी ते नीट बघितले. मग आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले आणि त्यांना न्यायला थांबलेल्या रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला तरी सोडले नाहीत.